वर्गातल्या टेक्नॉलॉजीच्या वापरासाठी शिक्षकांना मिळणारी मान्यता

वर्गात टेक्नॉलॉजी काहीतरी नव्या पद्धतीने वापरणाऱ्या शिक्षकांची दखल घेतली जाते, ती कधी सरकारी पुरस्काराने, कधी सर्टिफिकेटने, कधी एखाद्या कंपनीने दिलेल्या किताबाने तर कधी नुसती दुसऱ्या शिक्षकांनी तीच युक्ती आपल्या वर्गात वापरायला घेतल्याने, आणि हे सगळे प्रकार मिळून या नोंदीचा विषय होतो. महागडी साधनं असली की मान्यता मिळते असा एक समज आहे, पण प्रत्यक्षात निवड करणारे बघतात ते हे की मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला आणि तो फरक दुसऱ्या कुणाला दाखवता येतो का. यातला दुसरा भाग बऱ्याच शिक्षकांना जड जातो, काम भरपूर असतं पण नोंद कुठेच नसते.

काम "नवं" आहे की नाही हे ठरवायला काही मोजपट्ट्या वापरतात. रुबेन पुएंतेदुरा यांचं एसएएमआर मॉडेल सगळ्यात जास्त सांगितलं जातं, त्यात चार पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची म्हणजे जुन्याच कामाला नवं साधन, फळ्यावर लिहायचो तेच आता स्लाइडवर लिहिलं, बाकी काही बदललं नाही. सगळ्यात वरची म्हणजे टेक्नॉलॉजी नसती तर जे करताच आलं नसतं असं काम, उदाहरणार्थ दुसऱ्या देशातल्या वर्गाबरोबर मिळून पाण्याचे नमुने तपासायचे आणि आकडे एकाच शीटमध्ये भरायचे. दुसरी मोजपट्टी टीपॅकची. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी ती २००६ मध्ये मांडली, आणि तिचं म्हणणं असं की विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि साधनाचं ज्ञान ही तिन्ही एकत्र आली तरच शिकवणं जमतं, नुसतं ॲप येणं पुरेसं नाही. एसएएमआरवर टीका पण बरीच आहे, कारण वरची पायरी म्हणजे आपोआप चांगली असं काही नसतं, एखाद्या धड्याला साधी स्लाइडच योग्य असते. तरी अर्ज वाचणाऱ्यांच्या डोक्यात या शिड्या असतातच. आयएसटीई या शिक्षणातल्या टेक्नॉलॉजीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये शिक्षकांसाठी जी मानकं काढली त्यात शिक्षकाच्या सात भूमिका धरल्यात, शिकणारा, नेतृत्व करणारा, डिजिटल नागरिक, सहकारी, डिझायनर, मुलांना वाट दाखवणारा आणि माहितीचं विश्लेषण करणारा, आणि या संस्थेचं सर्टिफिकेट हवं असेल तर आपल्या कामाचा पोर्टफोलिओ याच मानकांवर तपासून घ्यावा लागतो.

सर्टिफिकेट हा त्यातल्या त्यात सोपा रस्ता. गुगलच्या शिक्षक सर्टिफिकेटच्या दोन लेव्हल आहेत, परीक्षा ऑनलाइन असते, पण ती पास झाल्यावर सिद्ध एवढंच होतं की साधनं वापरता येतात. त्याच्या वरचा इनोव्हेटर हा प्रकार वेगळा, तिथे शिक्षणातला एखादा खरा प्रश्न घेऊन त्यावर प्रोजेक्ट करायचा असतो आणि निवड मोजक्यांचीच होते. ॲपलचा डिस्टिंग्विश्ड एज्युकेटर कार्यक्रम तर १९९४ चा, म्हणजे शाळांमध्ये इंटरनेट नीट पोचलंही नव्हतं तेव्हाचा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्पर्ट शिक्षक कार्यक्रमात स्वतःच स्वतःचं नाव सुचवायचं असतं आणि किताब एका वर्षापुरता मिळतो.

कंपन्यांच्या या किताबांबद्दल थोडं सावध राहिलेलं बरं. त्यातून ट्रेनिंग मिळतं, ओळखी होतात, दुसऱ्या देशातले शिक्षक भेटतात, हे खरंच उपयोगी आहे आणि एकट्या शाळेत एकट्याने धडपडणाऱ्याला तर फार आधार वाटतो. पण त्याच वेळी तो शिक्षक नकळत त्या कंपनीचा प्रचारक होऊन बसतो, सोशल मीडियावर नावापुढे बिल्ला, वर्गात त्याच कंपनीची साधनं, कार्यशाळेतही त्यांचंच गुणगान. अमेरिकेत २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यावर मोठी बातमी केली होती, टेक कंपन्या शिक्षकांना कसं जवळ करतात आणि सरकारी पगार घेणाऱ्या शिक्षकाने फुकट मिळालेल्या वस्तूंची जाहिरात करावी का, असा प्रश्न त्यात होता. उत्तर सोपं नाही. निदान फुकट काय मिळालं ते उघड सांगावं एवढी अपेक्षा तरी ठेवायला हरकत नाही.

कंपनी मधे नसलेले पुरस्कार पण आहेत. युनेस्कोचा राजा हमद बिन इसा अल खलिफा पुरस्कार २००५ मध्ये सुरू झाला, पैसे बहरीन देतं, शिक्षणात माहिती तंत्रज्ञान वापरणाऱ्या दोन विजेत्यांना प्रत्येकी २५,००० डॉलर मिळतात, मात्र तिथे थेट अर्ज करता येत नाही, नाव सदस्य देशाकडून किंवा युनेस्कोशी जोडलेल्या संस्थेकडून जावं लागतं आणि विजेत्या बऱ्याचदा संस्थाच असतात. भारतात एनसीईआरटीच्या सीआयईटी या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेमार्फत शाळेतल्या शिक्षकांसाठी राष्ट्रीय आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) पुरस्कार दिला गेला आहे, आधी राज्यात चाळणी आणि मग राष्ट्रीय ज्युरीपुढे सादरीकरण. वर्की फाउंडेशनचा ग्लोबल टीचर प्राइज फक्त टेक्नॉलॉजीसाठी नाही, तो पहिल्यांदा २०१५ मध्ये दिला गेला, रक्कम १० लाख डॉलर, पण टेक्नॉलॉजीच्या कामाची सगळ्यात मोठी चर्चा याच पुरस्काराने घडवली.

२०२० चा हा पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, कोड स्कॅन केला की कविता ऐकू येणार, व्हिडिओ दिसणार, गृहपाठ मिळणार, शिवाय पुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणली, आणि पुढे राज्याने ही कल्पना सगळ्याच पाठ्यपुस्तकांसाठी उचलली. खरी दाद तीच म्हणायची, लंडनहून झालेल्या पुरस्काराच्या घोषणेच्या कितीतरी आधीची. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. त्याच्या आदल्या वर्षीचे विजेते केनियाचे पीटर तबिची, त्यांच्या शाळेत एकच कंप्युटर आणि नेट येणार-जाणार, तर ते सायबर कॅफेत जाऊन साहित्य उतरवून आणायचे आणि वर्गात ऑफलाइन दाखवायचे. आणि घानाचे रिचर्ड अपिआह अकोटो यांच्याकडे तर एकही कंप्युटर नव्हता, परीक्षेत मात्र आयसीटी विषय होता, म्हणून त्यांनी रंगीत खडूने फळ्यावर वर्डची अख्खी खिडकी मेन्यूसकट काढून शिकवलं, फोटो २०१८ मध्ये फेसबुकवरून जगभर फिरला, मायक्रोसॉफ्टने त्यांना सिंगापूरच्या शिक्षक संमेलनाला बोलावलं आणि शाळेला कंप्युटर मिळाले.

तिन्ही उदाहरणं भारीच आहेत, पण त्यात एक खोच आहे. अडचणीतून मार्ग काढल्याची गोष्ट लोकांना आवडते, त्यामुळे तुटपुंज्या साधनांत काम करणारा शिक्षक चटकन नजरेत भरतो आणि धड साधनं असलेल्या शाळेत वर्षानुवर्षं शांतपणे चांगलं शिकवणारा मागे राहतो, आणि अकोटोंच्या बाबतीत तर मुळात कंप्युटर का नव्हते हा प्रश्न फोटोच्या कौतुकात बुडूनच गेला होता.

पुरस्काराशिवाय मिळणारी मान्यता जास्त टिकते असं दिसतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे केमिस्ट्रीचे शिक्षक २००७ च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी तासाचे व्हिडिओ काढायला लागले, मग लक्षात आलं की हजर मुलं पण ते बघतायत, तर व्याख्यान घरी आणि गणितं वर्गात असं उलटं करून टाकलं. फ्लिप्ड क्लासरूम म्हणून ते जगभर गेलं, कारण जो बघेल त्याला उद्यापासून करता येण्यासारखं होतं. एका माणसाशिवाय, एका खास लॅबशिवाय जे चालतच नाही त्याचं कौतुक होतं खरं, पण उचलत कुणी नाही.

आता अर्जाचं. निवड समितीला "मुलं खूप रमली" याने फारसं काही कळत नाही. आधी काय अडत होतं, मग काय केलं, नंतर काय दिसलं, आणि जमलं नाही ते काय, एवढं साध्या भाषेत असलं की अर्ज वजनदार होतो. सुरुवातीच्या चाचणीचे मार्क, मुलांच्या कामाचे आधीचे-नंतरचे नमुने, सहकाऱ्याने वर्ग बघून लिहिलेलं टिपण, हे पुरावे त्या-त्या वेळीच जमवावे लागतात, फॉर्म आल्यावर शोधून सापडत नाहीत. मुलांचे फोटो आणि व्हिडिओ मात्र पालकांच्या परवानगीशिवाय जोडायचे नाहीत, कितीही गोड असले तरी, आणि हे पथ्य सोशल मीडियावर सर्रास मोडलं जातं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०११ मध्ये आणलेले ओपन बॅज, म्हणजे डिजिटल बिल्ले, याच पुराव्याच्या कल्पनेवर चालतात, बिल्ल्याच्या चित्रातच तो कुणी दिला, कशासाठी दिला आणि पुरावा कुठे आहे ही माहिती भरलेली असते, त्यामुळे कुणीही तपासू शकतं. अडचण एवढीच की बिल्ले आता इतके झालेत की मुख्याध्यापकांना त्यातला दमदार कुठला आणि दोन तासांच्या वेबिनारचा कुठला हे ओळखता येत नाही.

या मान्यतेने पगार वाढेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी वाढत नाहीच. मिळतं ते ट्रेनिंग देण्याचं काम, समित्यांवर नाव, व्याख्यानांची बोलावणी, आणि मग ज्या वर्गासाठी दाद मिळाली त्याच वर्गातून शिक्षक हळूहळू बाहेर पडतो. ग्लोबल टीचर प्राइजवाल्यांनी याचा विचार आधीच केलेला दिसतो, म्हणून विजेत्याने निदान पाच वर्षं शिक्षक राहायचं अशी अट घातली आणि रक्कम एकदम न देता हप्त्यांनी द्यायचं ठरवलं.