तंबाखूचा हंगाम आणि रिझर्व्ह बँक

निपाणीच्या पेठेत तंबाखूची आवक सुरू झाली की सगळ्यांना एकदमच पैसा लागतो: शेतकऱ्याला, हमालाला, अडत्याला, वखारवाल्याला. पावसाळ्यात हाच पैसा निपचित पडून असतो. रिझर्व्ह बँक कशाला हवी होती, हे मला या ओढाताणीतून जास्त नीट कळतं.

१८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. मेख अशी, की ४ कोटींपर्यंतच्याच नोटा सरकारी रोख्यांच्या आधारावर निघायच्या. त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे तिजोरीत तेवढी चांदी किंवा सोनं हवंच. १९११पर्यंत मर्यादा १४ कोटींवर गेली, नियम मात्र तोच. त्यामुळे सुगीत नोटा सहजी वाढत नसत, वाढायचं ते व्याज. बँक ऑफ बेंगॉलचा दर पावसाळ्यात ३ टक्क्यांपर्यंत उतरायचा आणि हिवाळ्यात ८ वर चढायचा. मोठ्या बँकेचे हे हाल, तर गावच्या सावकाराचं काय विचारता!

निपाणीचा बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. इथली मोठी बँक म्हणजे १८४०ची बँक ऑफ बॉम्बे. १९२१ साली ती बंगाल आणि मद्रासच्या बँकांबरोबर इम्पीरियल बँकेत विलीन झाली. तरी नोटा सरकारच्या हाती आणि कर्जव्यवहार बँकेच्या हाती, असं एका गाडीला दोन गाडीवान राहिलेच. दोन्ही कासरे एकाच हाती द्या, असं १९२६ साली चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने सुचवलं. याच आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली होती. मग ही नवी रिझर्व्ह बँक भागधारकांची की सरकारची, या वादात १९२७चं विधेयक बारगळलं.

अखेर १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, ५ कोटींच्या खासगी भांडवलावर. ती सरकारी झाली १९४९ साली. नोटांमागे आता ४० टक्के सोनं आणि परकीय रोखे पुरेसे होते. उरलेल्या आधारात व्यापारी हुंड्याही, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे देण्याचे व्यापाऱ्यांचे लेखी कागदही, चालत. हंगामात हुंड्या आल्या की चलन फुगणार, त्या फिटल्या की आटणार.

कायद्यात शेती पतपुरवठ्याचा वेगळा विभागही होता. पण १९५१-५२च्या देशव्यापी पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा निघाला ०.९ टक्के. सावकारांचा जवळपास ७०.