रबर वड

रबर वड (शास्त्रीय नाव : फायकस इलॅस्टिका) हा वड, पिंपळ, उंबर यांच्याच प्रजातीतला, मोरेसी कुलातील सदाहरित वृक्ष. ईशान्य भारतापासून म्यानमार, मलेशिया, इंडोनेशियापर्यंतच्या दमट जंगलांत तो मूळचा. मुंबई-पुण्याच्या गॅलरीतल्या कुंडीत दिसणारा ‘रबर प्लांट’ तो हाच. जंगलात मात्र तो ३० मीटरच्याही वर जातो.

त्याचे बी बहुधा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते आणि मुळे तिथून जमिनीकडे उतरतात. पाने जाड, तुकतुकीत. कोवळे पान तांबूस वेष्टनात गुंडाळलेले असते. पान उलगडले की वेष्टन गळते. परागण करणारी इवलीशी गांधीलमाशी ठरलेलीच असते, उंबर फोडल्यावर दिसणाऱ्या किड्यांच्या नात्यातली. ती नसेल तिथे बी धरत नाही, म्हणून बागेतली लागवड छाट किंवा गुटी कलमाने होते.

एकोणिसाव्या शतकात आसामात याच्या चिकापासून रबर काढत. झाडांवर अतोनात खाचा पाडल्या गेल्या, तेव्हा १८७०च्या दशकात चारदुआर येथे सरकारी लागवड झाली. पुढे ब्राझीलचे हेविया हे रबर देणारे दुसरे झाड सरस ठरले. केरळातले रबराचे मळे त्या हेवियाचे; या झाडाशी त्यांचा संबंध नाही.

या झाडाचे खरे मोल जाणले ते मेघालयातील खासी आणि जैंतिया लोकांनी. सोहरा (चेरापुंजी) भागात वर्षाला ११,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तिथे बांबूचा साकव लवकर कुजतो, नाहीतर पुरात जातो. म्हणून ओढ्याच्या काठी रबर वड लावतात आणि त्याची कोवळी मुळे बांबूच्या सांगाड्यावरून किंवा सुपारीच्या पोखरलेल्या खोडातून पलीकडे नेतात. तिथल्या मातीत रुजली की ती जाडावतात, एकमेकांत मिसळून एकजीव होतात. मधल्या फटी दगडमातीने बुजवतात. पूल वापरण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षे सहज लागतात, पण पुढे तो वर्षागणिक बळकट होत जातो. देखभालही गावकरीच करतात, नवे मूळ फुटले की ते वळवून कठड्यात गुंफतात. नाँगरियातचा दुमजली पूल सर्वांत प्रसिद्ध आहे.

ब्रिटिश लष्करी अभियंता हेन्री यूल याने १८४४ मध्ये या पुलांचे वर्णन छापले होते. २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. खासी भाषेतले ‘जिंगकिएंग जरी’ हेच नाव तिथे नोंदले आहे.