साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांत वाडा पाडून अपार्टमेंट उभी राहिली की फ्लॅट बघायला येणारा माणूस दार कोणत्या दिशेला आहे हे आधी विचारतो. समोरची भिंत किती उंच आणि किती अंतरावर आहे हे मात्र वास्तुतज्ज्ञही विचारत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घराच्या आरोग्याचा हिशेब याच दोन मापांवरून मांडला गेला.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 मध्ये शहराची वस्ती सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे रोगाचे मूळ, अशी तेव्हाची समजूत होती. प्लेगपुरती ती फसवी होती, कारण त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले. क्षयाला मात्र ती लागू पडते, कारण त्याचे जंतू हवेतून पसरतात, बंद खोलीत साचतात आणि थेट उन्हात मरतात.

ट्रस्टने पुढे धरलेला नियम शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. घराच्या भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी 63½ अंशांचा कोन करून वर रेषा काढली, तर समोरच्या इमारतीने ती ओलांडता कामा नये. या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे उंची भागिले अंतर, जवळजवळ 2 असल्यामुळे दहा फूट मोकळ्या जागेपलीकडे वीस फुटांपर्यंतच बांधता येते, आणि तपासायला एक टेप पुरते.

पण या कोनाने ऊन मिळतेच असे नाही. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे 16.7 अंश उत्तर आहे. म्हणून 21-22 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे जेमतेम 50 अंशांवर असतो. पूर्व-पश्चिम बोळातल्या दक्षिणमुखी घरासमोर दहा फुटांवर वीस फुटी सलग भिंत असेल, तर तिच्या माथ्यावरून येणारा किरण दहा फुटांत बारा फूट उतरतो आणि घराचे खालचे आठ फूट त्या दिवशी सावलीतच राहतात. नियम हमी देतो ती आकाशाच्या एका पट्ट्याची, म्हणजे विखुरलेल्या उजेडाची. तोही बंद काचेतून आला तर जंतूंना घातक अतिनील किरण बहुतांशी काचेतच अडतात. त्यामुळे ‘उजेड आहे म्हणजे खोली निर्जंतुक’ हे जाहिरातीपुरतेच खरे.

खरे काम उघड्या खिडकीतून होणारी हवापालट करते. खोलीच्या आकारमानाइतकी ताजी हवा आत येऊन नीट मिसळली, तर आधीच्या दूषित हवेचा सुमारे 37 टक्के भाग उरतो. तिप्पट हवा आली की 5 टक्के.

वीस फूट रुंद चौकाभोवती वीस फूट उंच वाडा असेल तर समोरच्या माथ्याचा कोन 45 अंश भरतो, म्हणजे नियमात भरपूर सूट राहते. भाऊबंदांत वाटणी होऊन चौकाच्या मधोमध तेवढीच उंच भिंत आली की तो थेट 63½ होतो, आणि मग त्या भिंतीला लागून चार फुटांचा जिना किंवा संडास तितक्याच उंचीपर्यंत चढवला की 73 अंशांच्या वर जातो.