राहत्या घराची सवलत: महापालिकेची वेगळी, आयकराची वेगळी

पुण्यात मिळकतकराची बिलं येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच आयकर विवरणपत्र भरायचे दिवस येतात. या काळात सोसायटीच्या कार्यालयात एक तक्रार हमखास ऐकू येते: "मी रिटर्नमध्ये हा फ्लॅट राहता म्हणून दाखवलाय, मग महापालिकेने मिळकतकरातली चाळीस टक्के सवलत का नाही दिली?" कधी उलटंही असतं. महापालिकेची सवलत चालू आहे, म्हणजे आयकरातही मिळकतकराची वजावट मिळणार, असं धरून लोक पावती जपून ठेवतात.

दोन्हीकडे "स्वतः राहतो" असंच लिहून द्यायचं असतं, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण महापालिका घराकडे बघते: या दारामागे मालक खरोखर राहतो का? आयकर खातं माणसाकडे बघतं: याच्या नावावर घरं किती आणि त्यातून भाडं येतं का? एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी महापालिकेचं. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला ४० टक्के सवलत ही पुण्याची १९७० पासूनची पद्धत. ही सवलत थेट बिलावर नसते, मिळकतीचं जे वार्षिक भाडेमूल्य महापालिका ठरवते त्यावर असते. समजा ते ६०,००० रुपये ठरलं. सवलत नसेल तर देखभालीचे १० टक्के वजा होऊन करपात्र रक्कम ५४,००० राहते. सवलत असेल तर ६०,००० चे आधी ३६,००० होतात आणि देखभालीचे १० टक्के गेल्यावर ३२,४०० उरतात. कराचे दर या रकमेला लागतात. म्हणून ठरलेल्या मुदतीत भरल्यावर सर्वसाधारण करात मिळणारी पाच-दहा टक्के सूट आणि ही ४० टक्के सवलत यांची गल्लत करू नका. वेळेत भरल्याची सूट भाडेकरू ठेवलेल्या घरालाही मिळते.

२०१९ मध्ये राज्य सरकारने ही सवलत देणारा १९७० चा ठराव रद्द केला. नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना सवलत मिळेना, आणि सर्वेक्षणानंतर अनेक जुन्या मिळकतींचीही काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू केली. त्याच वेळी देखभालीची वजावट १५ वरून १० टक्क्यांवर आली. ज्यांची सवलत मधल्या काळात गेली होती किंवा ज्यांची आकारणीच नवी होती, त्यांना पीटी-३ अर्ज भरायला सांगण्यात आलं. जादा भरलेले पैसे पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळते करायचं ठरलं. ज्यांची सवलत आधीपासून अखंड चालू होती, त्यांना काही करावं लागलं नाही. शेजाऱ्याने अर्ज भरला नाही तरी त्याला मिळते आणि आपल्याला नाही, यामागचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पीटी-३ बरोबर स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र लागतं. शिवाय त्या पत्त्याचा पुरावा लागतो: मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांपैकी काहीतरी. महापालिका हद्दीत दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडायची. आयकर विवरणपत्रातल्या नोंदीचा या यादीत कुठेही संबंध नाही. पुरावा घराचाच हवा. नवा फ्लॅट घेतलेल्यांनी तर बिल हातात आल्या आल्या त्यातला ४० टक्क्यांचा मुद्दा तपासावा, कारण ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही.

मुंबईच्या नातेवाइकांचं ऐकून काही जण म्हणतात, "त्यांचा कर माफ झाला, आपला का नाही?" मुंबईतली माफी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना आहे, १ जानेवारी २०२२ पासून. तिथे कसोटी चटई क्षेत्राची आहे, पुण्यासारखी मालक राहतो की नाही याची नाही. प्रत्येक महापालिकेचा हिशेब वेगळा, म्हणून नाशिकच्या घराचा नियम नाशिकलाच विचारावा.

आता आयकर. इथे अर्ज नाही, सोसायटीचं पत्र नाही, तपासायला कोणी दारात येत नाही. तुम्ही विवरणपत्रात घर राहतं म्हणून दाखवता आणि त्याचं वार्षिक मूल्य, म्हणजे घरापासूनचं वर्षाचं उत्पन्न, शून्य धरलं जातं. आर्थिक वर्ष २०१९-२० पासून अशी दोन घरं दाखवता येतात. तिसरं असेल तर ते भाड्याने दिलं नसलं तरी त्याचं संभाव्य भाडं उत्पन्नात धरावं लागतं. शून्य म्हणजे खरोखर शून्य: त्यातून भरलेला मिळकतकर वजा होत नाही, भाड्याच्या घराला मिळणारी ३० टक्क्यांची प्रमाणित वजावटही नाही. मिळकतकराची पावती जपून ठेवणाऱ्यांची निराशा इथे होते. गृहकर्जाचं व्याज तेवढं वजा होतं, तेही जुन्या करप्रणालीत. खरेदी किंवा बांधकामाच्या कर्जावर मर्यादा २ लाखांची, आणि राहती दोन घरं असली तर दोन्हीची मिळून २ लाखच. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला काहीच वजावट नाही. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते, त्यामुळे जुनी हवी असेल तर ती निवडल्याची खात्री करून घ्या.

नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेल्या माणसाचा कोथरूडमधला फ्लॅट घ्या. कुलूप आहे, भाडेकरू नाही. आयकरात तो राहतं घर म्हणून शून्यावर दाखवता येतो, कारण नोकरीमुळे तिथे राहता येत नाही हे कायदा मान्य करतो. महापालिकेला मात्र त्या कुलपाआड मालक राहताना दिसत नाही. मग तो म्हणतो, "सोसायटीचं पत्र तेवढं द्या ना." हे पत्र देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सचिवाची सही एका खोट्या विधानाखाली जाते आणि उद्या तपासणीत भाडेकरू निघाला की उत्तर सोसायटीला द्यावं लागतं.

एका जोडप्याचं एक घर पुण्यात आणि एक नाशिकमध्ये असेल, तर आयकरात दोन्ही घरं शून्यावर येऊ शकतात. पुण्याची ४० टक्के सवलत फक्त पुण्याच्या घराला, तीही ते तिथे राहत असतील तर. दोघं सहमालक असतील आणि कर्जही दोघांचं असेल, तर व्याजाची २ लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. महापालिकेत मात्र मिळकत एक, बिल एक, अर्ज एक.

फ्लॅट भाड्याने दिला की दोन्हीकडचं चित्र बदलतं. लोकांना भीती असते ती ४० टक्के जाण्याची. मिळकतकर सवलतीसह १२,००० होता असं धरा. सवलत गेली की तो साधारण २०,००० होतो. पण भाड्याच्या घरात मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर भाड्यातून पूर्ण वजा होतो, अगदी नव्या करप्रणालीतही. महिना २५,००० भाडं असेल तर वर्षाचे ३ लाख. त्यातून २०,००० गेले की २,८०,०००, त्यावर ३० टक्के म्हणजे ८४,००० वजा, उरले १,९६,०००. कर्ज असेल तर व्याज यानंतर. भाडेकरू लपवून १२,००० च भरले असते तर हाच आकडा २,०१,६०० आला असता. म्हणजे ८,००० जास्त भरल्याने करपात्र उत्पन्न ५,६०० ने कमी झालं. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून ११६५ रुपये वाचतात. भरपाई पूर्ण होत नाही, पण सगळं नुकसानही आपलं नसतं.

भाडेकरू लपवून सवलत चालू ठेवण्यात धोका मात्र मोठा आहे. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर भाडेकरू घरभाडे भत्त्याची वजावट घेताना मालकाचा पॅन देतो. विवरणपत्रात भाडं दाखवायचं आणि महापालिकेकडे मालक राहतो म्हणायचं, याचा पुरावा तुम्ही स्वतःच तयार करत असता. सवलत मागच्या तारखेपासून काढली गेली तर फरक एकदम भरावा लागतो, आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती असते.

भाडेकरू गेल्यावर आपण परत राहायला आलो तर? महापालिकेत पुन्हा पीटी-३ आणि नवे पुरावे. गॅस कार्डावरचा पत्ता लगेच बदलून घ्या, पत्त्याच्या पुराव्यावाचून अर्ज अडतो. आयकरात अर्ज नसला तरी एक मेख आहे: वर्षातले चार महिने जरी घर भाड्याने गेलं असेल, तर त्या संपूर्ण वर्षासाठी त्याचं मूल्य शून्य धरता येत नाही. उरलेले आठ महिने तुम्ही स्वतः राहिला असलात तरी. त्यामुळे करार मेमध्ये संपवायचा की मार्चअखेर, हे ठरवण्याआधी त्या वर्षाचा हिशेब एकदा मांडून बघा.