स्पिटफायरचा ट्रनियन आणि खानदेशचा लेथ

दाजींची ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे दोन माणसांची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, धुळ्यात पारोळा रोडवरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. गेल्या उन्हाळ्यात ती ढकलत बाहेर काढताना पुढचं डावं चाक मांडी घातल्यासारखं आत दुमडलं आणि गाडी नाकावर बसली. शेजारच्या गॅरेजमधला पोऱ्या धावत आला, खाली वाकला आणि एक तुकडा उचलून म्हणाला, "भाऊ, हाई काय शे?" तो ट्रनियन होता, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी दांड्याचं खालचं टोक ज्यात फिरतं तो सांधा. मुठीत मावणारा, पितळेसारखा पिवळा, आत आटे पाडलेला आणि त्या आट्यांत तुटलेल्या पोलादी दांड्याचं टोक अडकलेलं.

या तुकड्याची गोष्ट 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीला सुरू होते. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला नवी छोटी गाडी काढायची होती, पण गाड्यांच्या अखंड बॉड्या बनवणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतला होता. तेव्हा ट्रायम्फने जुन्या पद्धतीची वेगळी चेसिस केली आणि तिच्यावर बोल्टने जोडायची बॉडी बसवली. इटलीच्या जोव्हानी मिकेलॉटीने तिला रूप दिलं आणि 1959 मध्ये ही हेराल्ड बाजारात आली. चेसिस वेगळी असल्याचा फायदा असा, की ती आखूड केली की दुसरी गाडी तयार. हेराल्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 91.5 इंचांचं अंतर, स्पिटफायरच्या 83 इंचांचं. सस्पेन्शन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हा बाकीचा संसार बराचसा हेराल्डचाच.

स्पिटफायरचा नमुना तयार झाला तेव्हा कंपनीचा खिसा रिकामा होता. 1961 मध्ये लेलँड या ट्रक बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीने ती घेतली. नव्या मालकांची माणसं कारखान्यात फिरत असताना त्यांना कोपऱ्यात झाकून ठेवलेला तो नमुना दिसला आणि गाडी मार्गी लागली. म्हणजे ताडपत्रीखाली बसण्याची सवय या गाडीला जन्मापासूनची! 1962 ते 1980 या काळात तिच्या तीन लाखांहून जास्त गाड्या निघाल्या.

भारतात ती बनली नाही. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, ज्यांच्याकडे इथे गाडी घडवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच सरकारने वाव दिला. जनरल मोटर्स आणि फोर्डने नुसती जुळणी करणारे कारखाने गुंडाळले. मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स टिकली आणि 1961 पासून तिने हेराल्ड बनवायला घेतली. आधी दोन दारांची, पुढे चार दारांची. त्यामुळे स्पिटफायरचे भाग भारतात कधीच आले नाहीत असं वरवर वाटतं, पण पुढच्या चाकामागे बघितलं तर ते मद्रासहून निघून डॉक्टर-वकिलांच्या हेराल्डमधून गावोगाव पोचले होते. लोटस एलानसारख्या नामांकित स्पोर्ट्स कारनेही पुढच्या चाकांसाठी ट्रायम्फचाच माल वापरला होता.

मात्र हे नातं डोळे झाकून धरायचं नाही. भारतीय हेराल्डचं इंजिन 948 सीसीचं, सुरुवातीच्या स्पिटफायरचं 1147. घराणं एकच, दोन्हींत पिस्टनची धावही 76 मिलिमीटरच. पण हेराल्डच्या सिलिंडरचा व्यास 63 मिलिमीटर आणि स्पिटफायरचा 69.3. भंगारात हेराल्डचे पिस्टन स्वस्तात मिळाले म्हणून घेऊन ठेवले, तर ते पेपरवेट म्हणूनच कामाला येतात. आमच्याकडे तसे चार आहेत.

मद्रासचा माल संपल्यावर खानदेशात माणसं लेथकडे वळली. ही सवय मोटारींच्याही आधीची. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे आली आणि पुढे जळगाव, धुळे, अमळनेर भागात जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांची जिनं भारतभर चालत. दिवाळीनंतर हंगाम ऐन भरात असताना रोलरचा बुश गेला, तर बोटीची वाट कोण बघणार? टर्नरने तो इथेच काढायचा. भुसावळच्या रेल्वेने फिटर घडवले. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात, तिथे ट्रकवाल्यांनी गॅरेजं जगवली. अजूनही इथले जुने कारागीर इंच सुतात मोजतात. पाव इंच म्हणजे दोन सूत. साठच्या दशकातली इंग्लिश गाडी इंचातली असल्याने ही भाषा तिला बरोबर लागू पडते.

आम्ही ट्रनियन घेऊन गेलो ते उस्ताद सत्तरीचे. त्यांनी तुकडा रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, आतल्या आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हे उलटे आटे." बरोबर होतं. ट्रायम्फमध्ये डाव्या बाजूचे आटे डावे आणि उजव्या बाजूचे उजवे, त्यामुळे एका बाजूचा ट्रनियन दुसऱ्या बाजूला चालत नाही. मग त्यांनी गनमेटलचा, म्हणजे काशासारख्या मिश्रधातूचा गोळा लेथच्या चकमध्ये धरला, उलटे आटे पाडायला लेथची दातेरी चाकं बदलली आणि दीड दिवसात नवा ट्रनियन हातात दिला. पोलादी दांडा मात्र करून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. तो घडीव असतो, बारमधून कातलेला रस्त्यावर दगा देतो. मला हा नकार त्यांच्या कामाइतकाच मोलाचा वाटला. दांडा शेवटी मालेगावच्या भंगारात, एका हेराल्डच्या सांगाड्यात सापडला.

आणि दांडा मुळात तुटला कशामुळे? ट्रनियनला ग्रीस चालत नाही, गिअरचं जाड तेल लागतं. कंपनीने तिथे साधा प्लग दिला होता. तो काढून, तिथे निपल (ग्रीसगन लावायचं बोंडूक) बसवून गनने तेल भरायचं. आपल्याकडे निपल दिसलं की ग्रीस मारतात. ते वाळतं, आट्यांत पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस चाक आडवं होतं. हेराल्डचं पुढचं काम नाजूक, अशी तिची बदनामी झाली, त्यातला मोठा वाटा या ग्रीसगनचा असावा.

2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. चेसिस किंवा बॉडीत मोठे फेरफार नकोत ही तिची अट. दाजी म्हणूनच चेसिसला वेल्डिंगची ठिणगीही लागू देत नाहीत. ट्रनियन बसल्यावर मात्र त्यांनी ट्रकवर नंबर लिहिणाऱ्या पेंटरला बोलावलं. आता बॉनेट उघडलं की चाकाच्या आतल्या पत्र्यावर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत दिसतं: "इथे फक्त तेल."