शेवटच्या विजयाची किंमत

डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याचा आयपीएल संघ उणे १६ कोटी रुपयांना गेला. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित होते, त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ हवे होते आणि बीसीसीआयने लिलाव उलटा मांडला. मंडळाच्या सामाईक उत्पन्नातून संघाला वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी मिळतील, त्याहून किती कमी घेऊन संघ चालवता ते सांगा. राजकोटसाठी उणे १० कोटींची बोली आली. पुण्यासाठी संजीव गोएंका यांच्या कंपनीने उणे १६ कोटी लिहिले. म्हणजे सामाईक उत्पन्नातला छदामही नको, वर वर्षाला १६ कोटी आम्हीच देतो. खेळाडूंवरचा खर्च वेगळा, त्याची मर्यादा ६६ कोटी. त्यात पहिल्याच वर्षी दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावरचे हंगामाच्या उत्तरार्धातले घरचे सामने विशाखापट्टणमला गेले.

असा मालक नफ्यासाठी आला होता की जिंकण्यासाठी? हा प्रश्न कट्ट्यावर जितका रंगतो तितकाच अर्थशास्त्रातही जुना आहे. सायमन रॉटेनबर्ग १९५६ साली अमेरिकी बेसबॉलचा अभ्यास करताना मालक नफाच बघतो असं धरून चालले. १९७१ साली पीटर स्लोन यांनी ब्रिटिश फुटबॉलकडे बघून वेगळं मांडलं: इथले मालक वर्षानुवर्षं तोटा सोसतात, तेव्हा त्यांना विजय, मान, गावातलं नाव असं दुसरंच काही हवं असणार.

मालकाच्या मनात शिरता येत नाही, पण त्याचा हात कुठे थांबतो हे मोजता येतं. एक काल्पनिक संघ घेऊ. खेळाडूंवर ६० कोटी खर्चले तर ६ सामने जिंकतो आणि १०० कोटी मिळवतो, म्हणजे नफा ४०. खर्च ८० केला तर ८ विजय, उत्पन्न १२५, नफा ४५. शंभर केला तर ९ विजय, उत्पन्न १३५, नफा ३५. खर्च १४५ वर नेला तर ११ विजय, उत्पन्न १४८ आणि नफा जेमतेम ३. विजय वाढत जातात तसा पुढचा प्रत्येक विजय महाग पडतो आणि कमाई कमी वाढवतो. स्टेडियम एकदा भरलं की दहाव्या विजयाने खुर्च्या वाढत नाहीत. नफा बघणारा मालक ८० कोटींवर थांबेल. विजय बघणारा खिसा रिकामा होईपर्यंत, म्हणजे १४५ पर्यंत जाईल. दोघांनाही जिंकायला आवडतंच, फरक फक्त थांबण्याच्या जागेचा आहे.

हीच कसोटी पेद्रो गार्सिया-देल-बारिओ आणि स्टीफन शिमान्स्की यांनी १९९४ ते २००४ या काळातल्या स्पेन आणि इंग्लंडच्या क्लबांना लावली. खेळाडूंवरचा खर्च, गुणतक्त्यातला क्रमांक आणि उत्पन्न यांचं नातं काढून त्यांनी नफा बघणारा क्लब कुठे थांबला असता आणि विजय बघणारा कुठे, हे ताडून पाहिलं. प्रत्यक्ष आकडे विजयाच्या बाजूला जास्त जवळ निघाले. यात मालकांच्या दिलदारपणाइतकाच नियमाचाही हात आहे, असं मला वाटतं. तिथे तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये घसरतात आणि त्याबरोबर टीव्हीचे पैसेही जातात. हात आखडणाऱ्या मालकाचा संघच खाली जातो.

अमेरिकेत घसरण नाही. पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉल संघ १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त घेऊन संपवत होता. २०१० मध्ये त्याचे हिशेब फुटले. २००७ मध्ये ६८ विजय, ९४ पराभव आणि सुमारे १.५ कोटी डॉलर नफा. २००८ मध्ये ६७ विजय, ९५ पराभव आणि सुमारे १.४४ कोटी डॉलर नफा. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला काही भाग कमी उत्पन्नाच्या संघांना वाटण्याची तिथे पद्धत आहे. त्यातून पायरेट्सला या दोन वर्षांत अनुक्रमे ३.०३ आणि ३.९ कोटी डॉलर आले होते. म्हणजे वाटणीचे पैसे वजा केले तर नफा उरतच नाही. दुबळ्या संघांनी बरे खेळाडू घ्यावेत म्हणून हा निधी असतो, पण घेतलेच पाहिजेत असा धाक नसेल तर तो ताळेबंदात मुरतो. प्रेक्षकांच्या तिकिटांवर आणि निष्ठेवर चाललेल्या खेळात हे मला सरळ अन्याय्य वाटतं. २०१० च्याच जानेवारीत फ्लोरिडा मार्लिन्स या दुसऱ्या बेसबॉल संघाला लीग आणि खेळाडू संघटना यांच्या दबावामुळे खेळाडूंवरचा खर्च वाढवण्याचं लेखी कबूल करावं लागलं होतं.

पण वार्षिक नफा-तोटा हा अर्धाच हिशेब, आणि बहुतेक चर्चा इथेच फसतात. डोनाल्ड स्टर्लिंग यांनी क्लिपर्स हा बास्केटबॉल संघ १९८१ मध्ये सुमारे सव्वा कोटी डॉलरला घेतला. त्यांच्या हाती असताना तो बहुतेक वर्षं तळाशीच राहिला. २०१४ मध्ये तो २०० कोटी डॉलरला विकला गेला. मांडून बघा, ३३ वर्षांत १६० पट, म्हणजे दरसाल चक्रवाढीने साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. घसरण नसलेल्या लीगमध्ये संघांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे हरणाऱ्या संघाची जागाही जागाच असते, मुंबईतल्या जुन्या खोलीसारखी. म्हणून ताळेबंदात तोटा दिसला की मालक हौशी, असं समजू नये. पुण्याच्या उणे बोलीकडेही मी याच नजरेने बघतो. दोन वर्षांच्या संघाला विकण्याजोगं मूल्य नव्हतं, पण त्या दोन वर्षांत लीग आतून कशी चालते हे कळलं असणार. २०२१ मध्ये त्याच समूहाने लखनौसाठी ७,०९० कोटी रुपये मोजले.

आता आयपीएलचं गणित. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला ९,६७८ कोटी. त्यातला ढोबळमानाने निम्मा वाटा दहा संघांकडे येतो, म्हणजे एकेका संघाला साडेचारशे कोटींच्या वर. २०२५ च्या हंगामासाठी खेळाडूंची पर्स, म्हणजे त्यांच्यावरच्या खर्चाची मर्यादा, होती १२० कोटी. विजेत्याचं बक्षीस २० कोटी. चषक जिंकल्याने थेट हाती येणारी रक्कम टीव्हीच्या वाट्याच्या वीसाव्या हिश्शाइतकीही नाही, आणि शेवटच्या क्रमांकावर राहूनही कोणी बाहेर जात नाही. निव्वळ या आकड्यांवरून मालकाने निवांत बसायला हवं. तो बसत नाही, कारण प्रायोजकांचा दर, जर्सीची विक्री आणि संघाची पुढची किंमत नावावर ठरते.

तरीही लिलावातल्या बोलीवरून मालकाची नियत जोखणं चूक आहे. ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले काय किंवा पाच खेळाडूंत तेवढेच वाटले काय, एकूण पर्स तीच. तिचा किमान ठरावीक भाग खर्च करावाच लागतो आणि वर जाता येत नाही. काल्पनिक संघातले ८० आणि १४५ कोटींचे दोन थांबे इथे नियमानेच जवळजवळ एका जागी आणून ठेवले आहेत. फरक पडतो तो पर्समध्ये न मोजल्या जाणाऱ्या खर्चात: खेळाडू हेरणारी माणसं, प्रशिक्षक, आकडे तपासणारे विश्लेषक, हंगाम नसतानाची सराव शिबिरं.

मुंबई इंडियन्सचं उदाहरण घ्या. बुमराहला त्यांच्याकडे आणलं ते प्रशिक्षक जॉन राइट यांच्या नजरेने, २०१३ मध्ये, तो १९ वर्षांचा असताना. हार्दिक पांड्या २०१५ मध्ये १० लाखांच्या मूळ किमतीला मिळाला आणि २०१८ मध्ये त्याला राखून ठेवायला ११ कोटी लागले. मधल्या हंगामांत वाचलेले ते कोटी दुसऱ्या खेळाडूंवर लावता आले, आणि २०१५ व २०१७ चे चषक त्याच काळातले आहेत. २०१७ च्या अंतिम सामन्यात समोर उणे १६ कोटींचा पुण्याचा संघ होता. मुंबई एका धावेने जिंकली.