जुन्या गाडीतल्या एबीएसचा फॉल्ट शोधणं

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम. जोरात ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन गाडी घसरत जाऊ नये म्हणून एकेका चाकाचं ब्रेक प्रेशर सेकंदाला कितीतरी वेळा सोडायचं आणि परत वाढवायचं, हे तिचं काम. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमधून बाजारात आली. भारतात नव्या कारना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधी बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त टॉप व्हेरियंटलाच मिळायची. त्या काळातल्या एबीएसवाल्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात फिरतायत आणि त्यांच्या मीटरवर पिवळा दिवा लागला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, मॉड्यूल (एबीएस चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेलं, बदला. मॉड्यूल खरंच गेलेलं असतं पण फार कमी वेळा, बाकी वेळी दोष चाकापाशी किंवा वायरमध्येच सापडतो आणि तो दुरुस्त करायला खूप कमी पैसे लागतात.

चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायला हवा, तेवढ्यात सिस्टीम स्वतःची तपासणी करून घेते. अजिबात लागतच नसेल तर खूश होऊ नका, कुणीतरी बल्ब काढलाय अशी शंका घ्या, जुनी गाडी विकत घेताना तर हे आधी बघा. नुसता पिवळा दिवा चालू राहिला तर साधे ब्रेक लागतात, फक्त एबीएस बंद असते. पण पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच थांबवा आणि आधी ब्रेक ऑइलची लेव्हल बघा, कारण पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीसुद्धा तेव्हा बंद पडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते.

सुरुवात बॅटरीपासून करायची. व्होल्टेज पडलं की काही गाड्यांमध्ये एबीएस स्वतःहून बंद होते. मग फ्यूज, मग स्कॅनर, म्हणजे गाडीतले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र. इथे एक अडचण आहे, मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएसचे नाही, त्यामुळे 'काही फॉल्ट नाही' असं दाखवलं तरी विश्वास ठेवू नका, एबीएस वाचणाराच स्कॅनर हवा. कोड आला तरी तो पार्टचा नाही, सर्किटचा असतो. सी००३५ म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरच्या (चाक किती वेगाने फिरतंय ते मॉड्यूलला कळवणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये गडबड. त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी रिंग, कपलर (वायर जोडायचा प्लग) आणि मॉड्यूलपर्यंतची सगळी वायर येते, म्हणून कोड वाचून लगेच सेन्सर मागवणं म्हणजे अंदाजाने पैसे घालवणं.

जुन्या गाड्यांत बहुधा दोन वायरचा कॉइलवाला सेन्सर असतो. गाडी जॅकवर घ्या, नीट स्टँड लावा, कपलर काढा आणि मल्टिमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा, साधारण एक-दोन किलोओहम येतो, पण नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो म्हणून दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना करणं जास्त खात्रीचं. सर्किट ओपन दाखवत असेल तर कॉइल किंवा वायर तुटलीय, पिन आणि गाडीची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी आली, म्हणजे मीटरने जोड दाखवला, तर शॉर्ट. नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा, व्होल्टेज दिसायला हवं आणि वेग वाढवला की ते वाढायला हवं. मोजताना वायर हलवत राहा, विशेषतः स्टिअरिंग फिरवलं की जिथे ती वाकते तिथे, कारण वरून इन्सुलेशन धड असतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेली वायर तर नेहमीचीच. नव्या पद्धतीच्या सेन्सरला मॉड्यूलकडून सप्लाय लागतो, त्याला ही ओहमची टेस्ट लागू नाही आणि थेट बॅटरीचा करंटही देऊ नका.

गाडी थांबता थांबता, अगदी ताशी ५-१० किलोमीटरवर, पेडल खरखरत थरथरतं आणि दिवा मात्र लागत नाही, ही तक्रार जुन्या गाड्यांत खूप येते. यात सेन्सर जिवंत असतो पण सिग्नल कमजोर असतो. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो, बसायच्या जागेखाली गंज चढून सेन्सर वर उचललेला असतो किंवा दात्यांची रिंग गंजून तडकलेली असते. वेग कमी झाला की सिग्नल गायब होतो, मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं आणि ते ब्रेकचं प्रेशर सोडतं, म्हणजे नको त्या क्षणी गाडी पुढे सरकते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत हे आधी बघावं. सेन्सर काढताना जोर लावला तर तुटतो, गंज सोडवणारा स्प्रे मारून वेळ द्या, जागा घासून साफ करा.

स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना सेन्सरचे आकडे, मिळत असेल तर काम फार सोपं होतं. सरळ रस्त्यावर ताशी २० ने जा, शेजारच्याला चारही चाकांचे स्पीड बघायला सांगा, एक चाक मागे पडलं तर तिथेच शोधायचं, प्रत्येक फेरीला एकदा झटका दिसला तर रिंगला तडा. पण आधी टायर एकाच मापाचे आहेत ना ते बघा. नुकतंच व्हील बेअरिंग बदलल्यावर दिवा लागला असेल तर बेअरिंगच तपासा, काही बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच मॅग्नेटची रिंग असते आणि बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला काहीच मिळत नाही.

हे सगळं ठीक निघालं की मगच पंप आणि मॉड्यूल. मॉड्यूलची पॉवर आणि अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) लोड देऊन, म्हणजे त्यातून करंट ओढून, तपासा, कारण गंजलेला अर्थ पॉइंट मॉड्यूल गेल्यासारखीच लक्षणं दाखवतो. आतले सोल्डर तडकलेले असतील तर चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला दुरुस्त करू शकतो. ब्रेक ऑइल पाणी ओढतं, वर्षानुवर्षं बदललं नाही तर व्हॉल्व्ह आतून गंजतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. हायड्रॉलिक युनिट (पंप आणि व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडलं तर काही गाड्यांत स्कॅनरने पंप चालवूनच ब्रेक ऑइलमधली एअर काढावी लागते, नाहीतर पेडल मऊ राहतं.

शेवटी कोड क्लिअर करून रिकाम्या, खडी असलेल्या रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास जोरात ब्रेक दाबा. पेडलला धडधड जाणवली, गाडी सरळ थांबली आणि दिवा परत लागला नाही तर फॉल्ट गेला.